राणीच्या मागचा पडदा

लंडन, १४ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांस सा. न.

पार्सल पोचलं. कुरडयांचा पार भुगा झालाय, पण कारळाची चटणी ठणठणीत. डब्याखाली तुमचा फोटो निघाला, वजिराबादच्या स्टुडिओतला. मागं पडद्यावर हिमालय, पुढं प्लास्टिकची कुंडी, बाबांच्या अंगात स्टुडिओचाच कोट. बाह्या बोटांवर आलेल्या, म्हणून हात पाठीमागं! फोटो कामून धाडला ते विचारणार होते, पण आई, तू फोनवर "बारीक झालीस का गं?" सुरू केलंस. बारीक नाही झाले. स्वेटर काढून बसले होते, इतकंच.

काल आम्हीही फोटोच बघायला गेलो होतो. जावईबापूंच्या ऑफिसातल्या कुणाला तरी जमेना, म्हणून तिकिटं फुकट मिळाली. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत सेसिल बीटनचं प्रदर्शन आहे. जुने सरदार-उमराव, नट्या, फॅशनचे झगे. या गड्याला सांभाळणाऱ्या बाईनं लहानपणी कॅमेरा शिकवला आणि यानं बहिणींना नटवून उभं करायला सुरुवात केली. मागं चंदेरी कागद, सेलोफेन, जे हाताला लागेल ते. एका पाटीवर 'बाबा' वाचून मी चपापलेच. त्याच्या बहिणीचं नाव ते, नॅन्सी आणि बाबा! आमचे बाबा झगझगीत झग्यात डोळ्यांपुढं आले आणि मी एवढ्या शांततेत खिदळले. जावईबापू दोन दालनं पुढं निघून गेले, ओळख नसल्यासारखे.

बाबा, आजोबांची थापही आठवली. म्हणे निजामाच्या दरबारी फोटोग्राफरनं, लाला दीनदयाळनं, त्यांचा फोटो काढला होता. दीनदयाळ १९०५ सालीच वारले आणि आजोबा जन्मले १९२० ला. तरी आत्या लातुरात अजून ते सांगत फिरते ना?

फोटोचा खरा छळ मात्र पिंट्याच्या पासपोर्टनं मांडलाय. इथला नियम असा: तोंड मिटलेलं, चेहरा कोरा, हसू औषधालाही नको. टाळूपासून हनुवटीपर्यंत डोकं २९ मिलिमीटरपेक्षा कमी नको, ३४ पेक्षा जास्त नको. आणि पिंट्याचे पुढचे दोन दात नुकतेच पडलेत! ते खिंडार जगाला दाखवण्यासाठीच तो जगतोय. यंत्रात दहा पौंड टाकले, म्हणजे बाराशेच्या घरात गेले. ऐन वेळी हसला. पुन्हा दहा. आता हसला नाही, पण हसू दाबताना गाल फुगले आणि डोळे मिटले. तिसऱ्या खेपेला मीच त्याला आधी रागावले, तेव्हा कुठं जमलं. फोटोत तो जप्तीची नोटीस आल्यासारखा दिसतोय. वजिराबादचा फोटोवाला बिचारा "हसा की वैनी" म्हणून घसा कोरडा करायचा आणि इथं हसल्याचा दंड!

हां, मुख्य गोष्ट राहिलीच. १९५३ मध्ये राणीच्या राज्याभिषेकाचा फोटो याच बीटननं काढला. मुकुट, राजदंड, मागं वेस्टमिन्स्टर ॲबीची उंच कमान. फोटो काढला राजवाड्यात, आणि ॲबी म्हणजे रंगवलेला पडदा! आत्याला मुद्दाम सांगा. तिनं तुमच्या हिमालयाला आयुष्यभर नावं ठेवली.

दादानं प्लॉटचा सौदा मोडला ते बरं केलं. वहिनीचा राग चार दिवसांत उतरेल, मध्ये कुणी पडू नका. म्हणजे आई, तू पडू नकोस.

तुमचा फोटो फ्रिजवर लावलाय. येता-जाता बघते. आई, त्यात तू कॅमेऱ्याकडं बघतच नाहीस, डावीकडं कुठं तरी बघतेस. कोण होतं गं तिथं? व्हिडिओ कॉललाही तुझं तेच, मला रोज अर्धा तास तुझा कानच दिसतो. रविवारी फोन देवघराच्या कोनाड्यात टेकवून ठेव आणि समोर बस. बाबांना शेजारी बसव. कोट नसला तरी चालेल.

तुमची,
बेबी