टोमॅटोराव

जयपूरच्या रावतची गरमागरम प्याज कचोरी समोर असताना ज्याला वेळेच्या नियोजनावर बोलायला सुचतं, त्या माणसाला काय म्हणावं? आम्ही टोमॅटोराव म्हणतो. तुमच्याही इमारतीत असा एक असणारच. आमच्या टोमॅटोरावांची कंपनी पुण्याची, बिऱ्हाड जयपूरच्या मानसरोवरात. वहिनींची बदली इकडे झाली, लॉकडाउननंतर यांना घरून काम करायची मुभा मिळाली, आणि तेव्हापासून कामाबद्दल ते इतकं बोलतात की काम नेमकं कधी करतात, हा प्रश्नच पडतो.

नावाचं मूळ त्यांच्या टेबलावर आहे. स्वयंपाकघरात लावतात तसलं, टोमॅटोच्या आकाराचं लालभडक घड्याळ. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने असलं घड्याळ लावून अभ्यास केला. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. त्यातून 'पोमोदोरो' नावाचं तंत्रच जन्माला आलं. टोमॅटोरावांनी त्याचा संप्रदाय केला.

आता सगळी मोजदाद टोमॅटोत. विमानतळ किती लांब? "दीड टोमॅटो." वहिनींचा माहेरी फोन? "तीन. कधीकधी चार." एकदा स्वयंपाकाच्या बाईंना म्हणाले, "दाल दो टमाटर में चाहिए." दाल तासाभराने आली, पण दोन टोमॅटो घालून. ती चांगली झाली होती, हे मात्र त्यांनी कबूल केलं नाही.

सकाळचा पहिला टोमॅटो दिवसाची यादी करण्यात जातो, दुसरा ती रंगवण्यात. तातडीचं लाल, महत्त्वाचं निळं. मे महिन्यात पारा ४४ वर असताना मीटिंगमध्ये आवाज नको म्हणून कूलर बंद. वर पांढराशुभ्र शर्ट, खाली बर्म्युडा, आणि कपाळावरून घामाची धार थेट कीबोर्डवर. नेमका तेव्हाच भाजीवाला गल्लीत शिरतो आणि त्याचा कर्णा ओरडतो, "टमाटर ले लो, टमाटर!" पुण्याकडचे सगळे हसतात. हे मात्र दचकून घड्याळाकडे बघतात.

पण कळस झाला जंतरमंतरला. पाहुण्यांना घेऊन आम्ही गेलो होतो. सवाई जयसिंहांचं ते सम्राट यंत्र, सुमारे २७ मीटर उंच, जगातलं सर्वांत मोठं दगडी सूर्यघड्याळ. सावली सेकंदाला मिलिमीटरभर सरकते, डोळ्यांदेखत. गाइडने सांगितलं की भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथली सूर्याची वेळ मनगटावरच्या घड्याळाच्या साधारण २७ मिनिटं मागे असते, ऋतूप्रमाणे थोडी कमीजास्त. टोमॅटोराव स्तब्ध. मग भर उन्हात ओरडले, "म्हणजे रोज एक टोमॅटो फुकट!" दुसऱ्या दिवशी मीटिंगला उशिरा हजर झाले आणि साहेबांना म्हणाले, "सर, सूर्याप्रमाणे मी वेळेवर आहे." साहेबांनी सूर्याचं म्हणणं मान्य केलं नाही.

हसून झालं की एक गोष्ट मात्र खटकते. रात्री अकरालाही त्यांच्या खोलीत दिवा असतो. "एकच टोमॅटो राहिलाय." कंपनीच्या संगणकावर यांच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. थोडा वेळ माउस हलला नाही की तो पिवळा पडतो. म्हणून न्हाणीघरात जातानाही लेकीला सांगून जातात, "बाळा, जरा माउस हलवत राहा." ऑफिसात होते तेव्हा खुर्चीत बसलेला माणूस कामावर आहे, असं धरलं जायचं, आणि सहा वाजता खुर्चीही सुटायची. आता रोज नव्याने पुरावा द्यावा लागतो. ही सगळी रंगीत यादी त्या ठिपक्याच्या धाकाने आहे, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

आणि त्या पाच मिनिटांच्या सुट्ट्या? त्यात हा माणूस काय करतो म्हणता? पाण्याची मोटर चालू करतो. वरच्या मजल्यावरच्या मुलाला अपूर्णांक समजावतो. नोव्हेंबर आला की तळमजल्यावरच्या माताजींचा चेहरा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नीट धरून त्यांचा हयातीचा दाखला भरतो, पेन्शन अडकू नये म्हणून. माताजी हलतात, फोटो बिघडतो, हे पुन्हा धरतात. वर टोमॅटो किणकिणत असतो. "बजने दो माताजी, आप इधर देखिए." यातलं काहीही त्यांच्या यादीत नसतं, लाल रंगातही नाही आणि निळ्यातही नाही.

कंपनीकडे पंचवीस मिनिटांचा हिशेब चोख आहे. आमच्या इमारतीचं काम उरलेल्या पाचांवर चालतं. तेव्हा पुढच्या बढतीच्या वेळी साहेबांनी ठिपका बघण्याआधी एकदा तळमजल्यावर चौकशी करावी, एवढीच विनंती.