कालवाले काका

ताडोब्यात वाघ किती, हे वनखातं मोजतं. कालवाले काका किती, याची गणना मात्र अजून झालेली नाही. झाली, तर वाघांपेक्षा तेच जास्त भरतील.

खुणा सोप्या. खिशाखिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण, दुर्बिणीवर कधीच न निघालेलं झाकण. मोहर्लीच्या गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागली, की काका सुरू होतात : "काल यायला हवं होतं तुम्ही! तेलिया तलावावर वाघीण. आधी पाठ पाण्यात घातली, मग सावकाश बसली. तासभर!"

पुरावा मागायची सोय नाही. कोअरमध्ये मोबाइलला बंदी आणि कॅमेऱ्याची बॅटरी काल नेमकी संपलेली. मंगळवारी सफारी बंद असते, म्हणून एका बुधवारी मी मनात म्हटलं, आज काकांपाशी 'काल' नाही. तर म्हणाले, "काल रिसॉर्टच्या कुंपणापाशी आला होता की! तुम्ही जेवत होतात."

जूनचा पहिला आठवडा होता. गाईडने हळूच जिप्सी थांबवली. "नवरंग आहे जी, बांबूखाली." पावसाच्या तोंडावर दक्षिणेतून येणारा पाहुणा. हिरवी पाठ, डोळ्यावरून काळा पट्टा, आखूड शेपटीखाली कुंकवासारखा लाल ठिपका. चोचीने एकेक वाळकं पान उलटून खालचा किडा टिपत होता, पान, पुन्हा पान. आम्ही श्वास रोखून बसलो. काकांनी घड्याळ पाहिलं. "एकच? काल जोडी होती."

पुढे चितळ ओरडलं. मग ऐनाच्या शेंड्यावरून वानर खाकरलं. "कॉल आहे," गाईड पुटपुटला आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. दोनच मिनिटांत सागाच्या गर्दीतून वाघ सरळ रस्त्यावर आला. जिप्सीकडे ढुंकूनही न बघता एका बुंध्यावर मूत्राची पिचकारी मारून त्याने हद्द पक्की केली आणि पलीकडच्या बांबूत शिरला.

आम्ही धन्य झालो. काकांचा चेहरा मात्र उतरला. साहजिकच होतं. जिप्सीतल्या सगळ्यांनी पाहिलेला वाघ सांगणार कुणाला? माणसाला वाघ दिसल्याचा आनंद होतो, हे खरं. पण शेजाऱ्याला तो दिसला नाही, ही त्यावरची साय. काकांच्या वाटीला आज निव्वळ दूध आलं होतं. परतीच्या वाटेवर टकाचोर आला, गव्यांचा कळप आला, काका गप्प.

गेट जवळ आलं आणि ते एकदम ताठ बसले.

"मागचा दुसरा पाहिलात ना? पहिल्याच्या मागे, बांबूत. केवढा होता! नाही दिसला? अरेरे!"

गाईडने कपाळाला हात लावला. आम्ही मात्र सगळ्यांनी माना वळवून मागे पाहिलं.