शंकेची पाल

चि. बिलाच्या काउंटरवरील वॉरंटीदात्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि., परवा तुझ्याकडून त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. दाखवताना तू म्हणालास, "काका, डोळे झाकून घ्या." बिल करताना मात्र आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा आवाज खाली आणून, "पॅनल कधी जाईल सांगता येत नाही. वॉरंटीचे 3,499 भरून टाका." 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. माझे अडीचेक हजार वाचले होते, तेवढेही घरी नेऊ देईनास. शिवाय तुमच्या 'तीन वर्षां'त कंपनीचं फुकटचं पहिलं वर्ष धरलेलं असतं, पण ते जाऊ दे.

मला बोलायचंय ते पालीबद्दल.

मागचा टीव्ही तुमच्याच दुकानातला, वॉरंटीसकट. विसाव्या महिन्यात चित्र गेलं, नुसता आवाज राहिला. बातम्या ऐकायला रेडिओ होताच की घरात! तंत्रज्ञाने मागचं झाकण काढलं, तर बोर्डावर वाळलेली पाल. त्याने तिचे चारी बाजूंनी फोटो काढले. आमच्या लग्नातही इतके निघाले नव्हते. मग अटींच्या कागदावर बोट ठेवलं: कीटक, उंदीर, पाल यांमुळे झालेलं नुकसान वगळून. खाली ओलावा वगळून, विजेचा चढउतार वगळून. अरे, कोकणातल्या घरातून ओल, पाल आणि विजेचा लपंडाव वजा केला तर खाली नुसता चौथरा उरतो! सही करताना शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. ती बहुधा आधीच टीव्हीत जाऊन बसली होती.

याला लूट म्हणतात. रत्नागिरीत दुकान थाटून पालीची अट बारीक अक्षरात छापणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

परवा हेच तुला ऐकवलं, तर तू मागे साहेबाकडे बघून पुटपुटलास, "काका, तो कागद मीपण वाचला नाहीये. या महिन्यात अजून चार खपवायच्यात, नाहीतर पगारातून कापतात." माझा सगळा आवेश तिथेच बसला. निघताना तुझ्यासाठी चहा सांगितला आणि स्टॅबिलायझर तेवढा घेतला.

म्हणजे तुझ्या वॉरंट्या अजून चारच्या चार बाकी. साहेब ओरडला तर खुशाल माझ्याकडे पाठव. पाल मी डबीत जपून ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.
तुझा,
काका