दाजी, टेन्शन घेऊ नका!

(रंगमंचावर एक लाकडी खुर्ची. तिच्या पाठीला हेल्मेट अडकवलंय. कलाकार गळ्यात म्हशीचं दावं घालून येतो. प्रेक्षकांकडं बघतो, मग दाव्याकडं बघतो.)

पहिल्या रांगेतल्या काकू, पातेलं खाली ठेवा. मी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरनं धार काढायला आलेलो नाही.

हे दावं म्हशीचंच आहे. पण ह्याला बांधलेली होती एस्टीम. मारुती एस्टीम. 1994 साली बाजारात आली, 2007 साली बंद झाली, आणि आमच्या घरात तिच्यावरनं भांडणं अजून चालू आहेत.

विषय असा झाला, की बेचाळिसाव्या वर्षी मला रेसिंगचा नाद लागला. ह्या वयात लोकांना गुडघेदुखी लागते. पण दोष माझा नाही, गावच तसलं आहे. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की रस्सा आठवतो, चप्पल आठवते. अहो, आमचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत गाडी मारून आला! ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कपात पळाला! मोहित्यांच्या ट्रॅकवर देशभरातली पोरं कार्टिंगला येतात. आणि गाड्यांचं सोडा, आमच्यात म्हशी पळवतात. दिवाळीच्या पाडव्याला या. शिंगं रंगवलेली, मोरपिसं लावलेली, गळ्यात घुंगरं. मालक पुढं गाडीवर, सायलेन्सर काढलेला, फाट फाट फाट! आणि म्हैस मागनं शेपूट वर करून सुसाट. दोर नाही, काठी नाही. नुसत्या आवाजावर येती. पुण्यात लग्नाची बायको एवढी मागनं येत नाही.

(थांबतो.) पुण्याचं कोण आहे काय? असू दे. हसले नाहीत म्हणजे आहेत.

तर एस्टीम घेतली सेकंडहँड आणि नेली उद्यमनगरात, आमच्या मेस्त्रीकडं. मेस्त्री ही कोल्हापुरात पदवी आहे. जुने नामी कारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांच्यापासनं. डॉक्टर चुकला तर लोक डॉक्टर बदलतात, मेस्त्री चुकला तर गाडी बदलतात. आमचा मेस्त्री साठीचा. कानावर पेन्सिल, हातात पाना, आणि तोंडात एकच वाक्य.

(आवाज खर्जात, मान तिरकी.) ‘काय हुतंय त्याला!’

मेस्त्री, क्लच घसरायलाय. ‘काय हुतंय त्याला!’ मेस्त्री, चाक डुगडुगायलंय. ‘काय हुतंय त्याला!’ मेस्त्री, चाक गेलं. (चाक लांब जाताना डोळ्यांनी बघत.) ‘...बगा, किती सरळ चाललंय.’

त्यानं गाडी हलकी करायला घेतली. मागची सीट काढली, एसी काढला, गालिचा काढला, मोबाइलचा चार्जर काढला. हॉर्न काढला! म्हटलं मेस्त्री, हॉर्न कशाला? ‘रेसमधी हॉर्न कुणाला मारनार? म्होरं कोन असतंय काय?’ बरोबर होतं. ऑटोक्रॉसला एका वेळी एकच गाडी सोडतात. मातीचा माळ, कोन मांडलेले, तुम्ही आणि घड्याळ. कोनाला धक्का लागला की सेकंद वाढवतात. आमची रेस होती बेळगावच्या बाजूला, एका माळावर. हौशी लोकांची. बक्षीस कसलं, एक चषक आणि फोटो.

आता गाडी न्यायची कशी? रेसची गाडी, पासिंग संपलेलं, सायलेन्सर नावापुरता. चालवत नेता येत नाही. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलेलं. सकाळी सहाला त्याचा फोन, ‘भावा, आज जमत नाही. शाहू स्टेडियमला आपल्या पेठेची मॅच आहे.’ संपलं! पेठेची मॅच असली की माणूस स्वतःचं लग्न पुढं ढकलतो. माझी एस्टीम कोण लागून गेली?

आणि मग दारात गाडी थांबली. काळी. 16 लाखांची. सनरूफवाली. सनरूफमधनं एक डोकं वर आलं. (गॉगल वर सरकवत, गोड आवाजात.) ‘दाजी, टेन्शन घेऊ नका.’

माझा मेव्हणा.

हे वाक्य त्यानं आजवर तीनदा म्हटलंय. पहिल्यांदा माझ्या लग्नात, वरातीच्या घोड्याला हा साखर चारायला गेला तेव्हा. घोडा बिंदू चौकात सापडला, मी नंतर सापडलो. दुसऱ्यांदा भिशीचे पैसे घेताना. ती भिशी अजून फुटायची आहे. आणि तिसऱ्यांदा हे. ‘दाजी, टेन्शन घेऊ नका. मी ओढतो. बेळगाव काय, शंभर-सव्वाशे किलोमीटर.’

बायको म्हणाली, ‘बघा, माझा भाऊ कसा धावून येतो.’ धावून येतोय खरा. मागं काय बांधलंय ते बघत नाही.

दोर नव्हता. गल्लीतल्या गवळ्याकडं गेलो. त्यानं दोन दावी गाठ मारून दिली आणि म्हणाला, ‘माझी म्हैस तशी दाव्याबिगर येती मागं. तुमची गाडी येती काय?’

मी नियम वाचून आलेलो. 1989 च्या, 2017 पर्यंत चाललेल्या रस्ता नियमात होतं, ओढणारी आणि ओढली जाणारी, दोघींत पाच मीटरच्या वर अंतर नको, आणि ताशी 24 च्या वर वेग नको. तोही नादुरुस्त गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला. आमची गाडी गॅरेजमधनंच निघालेली! मेस्त्रीला म्हटलं, पाच मीटर म्हणजे किती? त्यानं दावं हातावर मोजलं. ‘अकरा हात. बास झालं. काय हुतंय त्याला!’

(खुर्चीवर बसतो. हेल्मेट घालतो. पट्टे आवळल्याचा अभिनय.)

मी स्टिअरिंगवर. पाच ठिकाणी आवळलेला पट्टा, मान पण हलत नाही. शेजारी सीट नाही, तिथं मेस्त्री स्टेपनीवर मांडी घालून. मांडीवर स्टीलचा डबा, तीन पुडांचा. माझा मोबाइल चार्जिंगला मेव्हण्याच्या गाडीत. मेस्त्रीच्या फोनवर नुसते येणारे फोन. हॉर्न नाही. आणि इंजिन बंद असलं की ब्रेकला मदत करणारी हवेची ओढ मिळत नाही. पॅडल कसं लागतं माहिताय? दगड. रंकाळ्याच्या काठावरचा दगड. दोन्ही पाय लावून उभं राहावं लागतं.

उजळाईवाडीपर्यंत 24. गोकुळ शिरगाव, 40. कागल आलं, 70! मी आतनं ओरडतोय, ‘हळूऽऽ!’ हेल्मेटमधनं काय ऐकू येणार? पुढं सनरूफमधनं गाणी बाहेर यायलीत. मेव्हण्यानं हात वर केला. त्याला वाटलं दाजी खूश आहेत.

आणि आला सीमेवरचा टोलनाका. नाव घेत नाही. सगळ्यांना माहिताय.

(उठून, दोन्ही हातांनी दावं ताणून धरतो. इथनं वेग वाढतो.)

मेव्हण्याच्या काचेवर फास्टॅग. यंत्र म्हणालं, टुंग. दांडा वर गेला. मेव्हणा गेला. आता दांड्याला काय माहीत मागं भाऊजी बांधलेत? दांडा आला खाली. कुठं? (ताणलेल्या दाव्यावर मधोमध हात मारत.) बरोब्बर दाव्यावर! मेव्हणा पलीकडं, मी अलीकडं, मधे दांडा. मंगलाष्टकाला अंतरपाट धरतात तसा. फक्त नवरा-नवरीच्या ठिकाणी आम्ही दोघं.

मागं ट्रकांची रांग. पोंऽऽ! मला उलटा हॉर्न मारायला हॉर्न नाही. पोरगा आला केबिनमधनं. सीमेवरचा, अर्धा कानडी अर्धा मराठी. ‘एरडु गाडी री! दोन गाडी, दोन टोल. हिचा टॅग कुठाय?’ माझ्या काचेवर टॅग नव्हता, जोतिबा होता. ‘टॅग नाही? मग डबल.’ 2021 च्या फेब्रुवारीपासनं तेव्हा डबलच होतं. म्हणजे जी गाडी स्वतःच्या पायावर चालत नाही, तिला दुप्पट!

तेवढ्यात स्टेपनीवरनं आवाज आला. (मान तिरकी.) ‘ए बाळ. हिकडं ये. बैलगाडीला टोल हाय काय?’

पोरगा म्हणाला, ‘नाही.’ नियमातच माफी आहे. जनावरानं ओढली की टोल नाही.

‘मग ही बैलगाडीच हाय. हिचं इंजिन चालू हाय काय? हात लावून बघ. गार हाय. म्होरं बैल, मागं गाडी. बैलाचा टोल तू घेतलास, आमी काय बोल्लो न्हाई.’

पोरगा म्हणाला, ‘अण्णा, बैल कुठाय?’

मेस्त्रीनं बोट केलं. पलीकडं काळी गाडी. सनरूफमधनं माझा मेव्हणा, गॉगल लावून, मान हलवत.

‘त्यो काय!’

(हशा संपू द्यावा. मग पुन्हा मेस्त्री.)

‘आनि शर्यतीच्या बैलाला सुप्रीम कोर्टाची परवानगी हाय. 2014 ला बंद केलंतं, 2021 च्या डिशेंबरात दिलं सोडून, 2023 ला पाच जजांनी शिक्का मारला. तू कोन अडवनार?’

पोरगा बघतोय माझ्याकडं, मी बघतोय देवाकडं. ह्याच असल्या घोळात देशातली फॉर्म्युला वन अडकली हो. 2011 ते 2013, तीन वर्षं ग्रेटर नोएडाला झाली, तिन्ही वेळा वेटेल जिंकला. आणि तिकडचं सरकार म्हणालं, हा खेळ नाही, करमणूक आहे, कर भरा! तिथं प्रश्न खेळ का करमणूक, इथं प्रश्न गाडी का बैलगाडी. शेवटी मागच्या ट्रकवाल्यानं उतरून स्वतः दांडा उचलला आणि म्हणाला, ‘जावा रे बाबांनो. दोघंबी बैलं हायसा.’

निपाणी गेली. तवंदीचा घाट लागला. चढ. मेव्हण्यानं गिअर टाकला, दाबला. दाव्याला बसला झटका. (दावं झटकतो.) खाड्! हूक निघाला, हुकाबरोबर बंपर निघाला. दावं, बंपर आणि मेव्हणा, तिघं निघाले बेळगावला. गाणी चालू.

आणि आम्ही... (खुर्ची हळूहळू मागं सरकवत.) आम्ही निघालो मागं. महाराष्ट्राकडं! साठ-सत्तर वर्षं सीमाप्रश्न सुटला नाही, माझ्या एस्टीमनं निर्णय घेतला. मी दोन पायांवर ब्रेकवर उभा. मेस्त्री दारातनं बाहेर. मी ओरडलो, ‘चाकाला उटी लावा! मेस्त्री, उटी!’ त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. घाटातला रस्ता चौपदरी, स्वच्छ, एक दगड दिसेल तर शपथ. आणि मग त्या माणसानं... (थांबतो.) डबा ठेवला चाकाखाली.

तीन पुडांचा. मटणाचा.

(टोपी काढल्यासारखं करतो.) कोल्हापूरच्या माणसानं. रविवारी.

गाडी थांबली. पांढरा रस्सा घाटातनं खाली निपाणीकडं चाललाय. मेस्त्री बघत उभा. मग म्हणाला, ‘पांढरा हुता म्हनून. तांबडा असता तर लोकं ॲक्सिडेंट समजून थांबली तरी असती.’

तास गेला. कोण थांबेना. मेस्त्री येऊन माझ्या बकेट सीटवर बसला. स्टिअरिंगला हात लावला. हात असा, नखांत तीस वर्षांचं काळं तेल. म्हणाला, ‘शिरोलीत, गोकुळ शिरगावात भट्टीतनं एवढं वोततोय आपन. कुठंकुठं जातंय. माझ्या हातनं घासून गेलेलं काय काय आज परदेशात पळायलं असंल. आनि मी? लुनावर साठ. त्येबी उतारावर.’ मग गप्प बसला. म्हणाला, ‘त्यो मद्रासचा ट्रॅक हाय न्हवं, पावनेचार किलोमीटरचा. त्या गावाचं नाव मला म्हनता येत न्हाई. एकदा कडंला हुबारून नुसता आवाज ऐकायचाय. बंद डोळ्यानं सांगीन, कुठल्या गाडीचा कुठला व्हाल्व वाजायलाय.’

(शांतता. लांब शांतता.)

मी म्हटलं, मेस्त्री, जाऊया की आपण.

‘जाऊया.’ मग माझ्याकडं बघितलं. ‘तुमचा मेव्हना सोडून.’

उसाचा ट्रॅक्टर आला शेवटी. रिकाम्या दोन ट्रॉल्या. त्यानं तिसरी म्हणून आम्हाला लावलं. बेळगावला पोचलो संध्याकाळी पाचला. माळावर कोन गोळा करायलेत. यादीत माझ्या नावापुढं लिहिलेलं, डीएनएस. म्हणजे सुरुवातच केली नाही. मेव्हणा म्हणाला, ‘डीएनएस म्हणजे दाजी नुसते सजले.’

त्याच्या हातात चषक!

अहो, हा सकाळी पोचला, मागं वळून बघितलं, बंपर. बंपरवर माझा नंबर चिकटवलेला, 46. ह्यानं तो बंपर स्वतःच्या गाडीला बांधला आणि पळवली! मोठ्या गाड्यांच्या गटात तीन गाड्या होत्या. हा तिसरा आला. तो चषक आज सासूबाईंच्या शोकेसमधे आहे, मधोमध. माझा लग्नातला फोटो त्याच्यामागं गेला.

दुसऱ्या दिवशी दावं परत द्यायला गेलो. दोन तुकडे; बंपर सोडवताना मेव्हण्यानं तोडलेलं. गवळ्यानं दोन्ही हातांत धरून बघितले. म्हणाला, ‘आठ वर्सं म्हशीला लावतोय. तिनं कवा तोडलं न्हाई. ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. तुमाला लागंल.’

(बाहेरून मोठा हॉर्न. मेव्हण्याचा आवाज: ‘दाजीऽ, चला! टेन्शन घेऊ नका!’)

आलो.

(दावं काढून खुर्चीवर ठेवतो. बाहेर गाडीचा आवाज, फाट फाट फाट. तो हात मागं बांधून, मान खाली घालून, आवाजामागं चालू लागतो. अंधार.)