‘दादा’ पाटीच्या मालकांना खुले पत्र

श्री. ४१४१ यांस,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि तुमच्या गाडीचा नंबर तुम्ही वाचू दिला नाहीत, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता चारचौघांत लिहावं लागतंय. ‘दादा’ एवढंच दिसलं. शेवटचे आकडे ४१४१ असणार हे महाराष्ट्रातलं शेंबडं पोरही सांगेल. पण एमएच कितीची, मधली अक्षरं कोणती, हे तुम्ही आणि तुमचा रेडियमवाला सोडून कोणाला ठाऊक?

तुमची पाटी मी सिग्नलला अगदी जवळून पाहिली. इंग्रजी चाराच्या डोक्यावर आडवी रेघ ओढून त्याचा ‘द’ केलेला, एकाचा काना केलेला, असं दोनदा. लाल अक्षरं, कडेला सोनेरी बॉर्डर. उरलेला नंबर वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढा, आणि त्यावर क्रोमची चौकट अशी बसवलेली की तोही अर्धा गिळला गेला. बाजूच्या गाडीवर २१४ चा ‘राम’ झाला होता. इंग्रजी वळणाची हौस असलेले लोक ८०५५ चा ‘बॉस’ करतात. कारागिराचा हात चांगला आहे. दुकानाच्या बोर्डावर तो चालवला असता तर मी थांबून कौतुक केलं असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आवडीचा नंबर घ्यायला माझा विरोध नाही. सरकारनेच त्याचा बाजार मांडला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये दर वाढले, तेव्हापासून मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीसाठी ०००१ घ्यायचा तर ६ लाख रुपये मोजावे लागतात, आणि चालू सीरिजच्या बाहेरचा ०००१ हवा असेल तर १८ लाख. ज्याला परवडतं त्याने भरावेत, राज्याच्या तिजोरीत जातात. दुबईत एप्रिल २०२३ मध्ये ‘पी ७’ ही पाटी साडेपाच कोटी दिरहमना विकली गेली, जगातली सर्वांत महाग पाटी म्हणून तिची नोंद झाली, आणि तो पैसा भुकेल्यांच्या जेवणासाठीच्या मोहिमेला गेला. तिच्यावर एक अक्षर आणि एक आकडा आहे. लांबून कोणालाही वाचता येतात. एवढा पैसा ओतणाऱ्यालासुद्धा साताचं काही वेगळं करून दाखवावंसं वाटलं नाही, आणि तुम्हाला चाराचा ‘द’ केल्याशिवाय चैन पडत नाही.

दादा, गाडी तुमची आहे. काच, सीट, गाणी, आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची, सगळं तुमचं. पाटी मात्र तुमच्यासाठी नाही. गाडीत बसल्यावर ती तुम्हाला दिसतसुद्धा नाही. ती बाहेरच्या माणसासाठी आहे: मागून येणाऱ्यासाठी, झेब्रा क्रॉसिंगवर उभ्या असलेल्या बाईसाठी, टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्यासाठी, आणि देव न करो, रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारचाकीच्या अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांमधली जागा १० मिलिमीटर असं ठरवून दिलं आहे. धावती गाडी दोन-तीन सेकंद नजरेत राहते. तेवढ्यात घाबरलेल्या माणसाला नंबर टिपता यावा, एवढाच त्या मिलिमीटरांचा हेतू आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात पहाटे एका सायकलवरच्या दूधवाल्याला मागून गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. समोर टपरी उघडणारा पोरगा होता, त्याने सगळं पाहिलं. हवालदार त्याला विचारत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

‘‘नंबर काय होता?’’

‘‘दादा लिहिलं होतं, साहेब.’’

‘‘आणि पुढचं?’’

‘‘पुढचं बारीक होतं. दादा मोठं होतं.’’

रंग पांढरा. गाडी मोठी. एवढ्यावर पंचनामा झाला. राज्यात पन्नासच्या वर आरटीओ आहेत आणि प्रत्येक ठिकाणी दर नव्या सीरिजमागे एक ४१४१ निघतो. त्यातून पांढऱ्या, मोठ्या गाड्या निवडायच्या, आणि पहाटे पाच वाजता त्यातली कोणती कुठे होती ते शोधायचं. ते पोरगं हुशार आहे, गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर त्याला तोंडपाठ असतात. इंग्रजी आकड्यांत नीट लिहिलेली पाटी असती तर त्याने ती घडाघडा सांगितली असती.

आता पैशाचं बोलू, कारण त्या दूधवाल्याच्या घरात आज तोच प्रश्न आहे. गाडी सापडली तर जखमी माणसाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. त्याचं वय, त्याची कमाई, दवाखान्याचा खर्च, कायमचं अपंगत्व, सगळं मोजलं जातं आणि भरपाई गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून येते. गाडी सापडलीच नाही, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६१ उरतं. त्याप्रमाणे १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. त्याआधी तर २५ हजार आणि साडेबारा हजार मिळायचे. मांडीचं हाड मोडलेला, सहा महिने सायकलवर बसू न शकणारा माणूस ५० हजारांत काय काय भागवणार? शस्त्रक्रिया, की म्हशींचा चारा, की मुलीची फी? तुमच्यासारख्यांच्या विम्याचा हप्ता दरवर्षी जातो, विमा कंपनी पैसे द्यायला बांधील असते, आणि केवळ पाटी वाचता आली नाही म्हणून त्या माणसाच्या वाट्याला त्यातली पैही येत नाही. तुमच्या सोनेरी बॉर्डरची खरी किंमत ही आहे, आणि ती तुमच्या खिशातून जात नाही.

तुम्ही म्हणाल, मराठीत लिहिलं तर एवढं काय बिघडलं? मराठीचा अभिमान मलाही आहे. दुकानांवर, दवाखान्यांत, बँकेच्या फॉर्मवर मराठी हवी म्हणून मी भांडतो आणि भांडत राहीन. पण गाडी राज्याबाहेर जाते, आणि बाहेरच्या राज्यांतून आलेले ट्रकवाले, मजूर, विद्यार्थी आपल्या रस्त्यांवर असतात. साक्षीदार होण्याची वेळ त्यांच्यावरही येते. शिवाय तुम्ही लिहिलंय ते मराठी कुठे आहे? मराठीत तो नंबर ‘४१४१’ असा लिहितात. तुम्ही इंग्रजी आकड्यांना मराठीचा मुखवटा चढवलाय आणि त्यात दोन्ही भाषांची वाट लावली आहे.

एक एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी लावूनच देतात. त्यावर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि एकदाच बसणारं स्नॅप लॉक असतं. तुमची गाडी तर नवी कोरी दिसली. म्हणजे ते लॉक तोडून पाटी काढली गेली. ती आता डिकीत असणार, मामांनी अडवलं की दाखवायला. ‘‘साहेब, आहे की ओरिजिनल,’’ हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. रेडियमवाल्याला तुम्ही याहून जास्त दिले असतील. हा दंड हास्यास्पद आहे आणि तो वाढवण्याची मागणी मी परिवहन खात्याकडे लेखी केली आहे. पाटी जागेवरच उतरवून जप्त करावी आणि ती बनवून देणाऱ्या दुकानदारावरही गुन्हा नोंदवावा, हेही त्यात आहे. गाडीवाल्याला पकडून दुकान उघडं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तिथे आणखी दहा ‘दादा’ तयार होतात.

आणि खरं सांगा, दादा, गल्लीत तुमचा एवढा दरारा असेल तर तो पाटीवर लिहायची गरज का पडते? आमच्या वाडीत ज्यांना सगळे दादा म्हणायचे, ते सहकारी सोसायटीत हिशेब लिहायचे आणि सायकलने फिरायचे. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर आधी त्यांचं दार वाजायचं. त्यांच्या सायकलला कसली पाटी नव्हती.

या आठवड्यात ती पाटी उतरवा. डिकीतली तुटकी पाटी परत तारेने बांधू नका, अधिकृत केंद्रात वेळ घेऊन नवीन लॉकसकट बसवून घ्या. खर्च फारसा नाही.

दूधवाल्याला उडवणारी गाडी तुमची होती असं मी म्हणत नाही. ते सांगता येत नाही, हीच तर माझी तक्रार आहे. पण त्या पहाटे तुम्ही त्या रस्त्यावर असाल, तर गुन्हा अजून ‘अज्ञात वाहनचालक’ याच नावावर नोंदलेला आहे. पोलीस ठाण्यात जा आणि तुमचा पूर्ण नंबर सांगा, एमएचपासून.

आपला,
रस्त्याच्या कडेने चालणारा एक नागरिक