देवगिरीच्या कड्यावर मुक्कामास उतरणाऱ्यांसाठी

आमच्या गल्लीतील एक गृहस्थ नुकतेच सहकुटुंब बाली बेटावर जाऊन आले. त्या बेटाच्या दक्षिण टोकास उलुवाटू नावाचे स्थळ असून तेथे समुद्रात सरळ उतरणाऱ्या सुमारे 70 मीटर उंचीच्या कड्यावर एक प्राचीन देवालय आणि त्या परिसरात अलीकडे उभी राहिलेली अनेक पंचतारांकित विश्रामधामे आहेत. त्यांपैकी एकात हे कुटुंब चार रात्री राहिले, आणि परतल्यापासून प्रत्येक चहाबरोबर आम्हांस तो कडा, ते पाणी, तो वारा आणि चष्मा पळविणारी ती माकडे यांचे वर्णन ऐकावे लागते. कडा, पाणी, वारा आणि माकडे या चार वस्तूंसाठी एवढा द्रव्यव्यय करण्याचे प्रयोजन काय, हे आम्हांस उमगले नाही. कारण या चारही वस्तू आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून अवघ्या 15 किलोमीटरांवर, वेरूळच्या रस्त्यास लागून, दौलताबादेस, म्हणजे जुन्या देवगिरीस, आठशे वर्षांपासून हजर आहेत. सबब, जिज्ञासू प्रवाशांच्या सोयीसाठी तेथील मुक्कामाची रीत येथे नमूद करीत आहोत.

बेट कोठे आहे, ही पहिली शंका निघेल. यादवांचा राजा पाचवा भिल्लम याने 1187 च्या सुमारास देवगिरीस राजधानी केली, तेव्हा मराठवाड्यात समुद्र उपलब्ध नव्हता. म्हणून सुमारे 200 मीटर उंचीच्या त्या शंकूसारख्या डोंगराचा पायथा चोहोबाजूंनी छिन्नीने तासून उभ्या भिंतीसारखा सरळ करण्यात आला आणि त्याच्या बुडाशी कातळातच खंदक खोदून पाण्याची सोय झाली. निसर्गाने दिलेल्या बेटावर कोणीही राहील; हाताने घडविलेल्या बेटाचा दिमाख निराळा. आत जाण्यास एकच अरुंद पूल असल्याने चुकीच्या दाराने शिरण्याची भीतीही नाही.

पुलापलीकडे स्वागतकक्ष लागतो, त्यास अंधारी म्हणतात. उलुवाटूस पाहुण्याच्या गळ्यात फुलांची माळ घालून हाती शहाळे देतात, असे आमचे शेजारी सांगतात. येथे जुना शिरस्ता असा की, कातळात कोरलेल्या या वळणावळणाच्या बोगद्याच्या वरल्या तोंडावर लोखंडी झाकण असे, त्यावर जाळ करून ते तापवीत आणि धूर आत कोंडीत, जेणेकरून आगाऊ सूचना न देता आलेल्या पाहुण्यांची व्यवस्था परस्पर होई. हल्ली धूर बंद आहे. वाटाड्याच्या हातातील पलित्याच्या उजेडात छतास लोंबकळणारी वटवाघळे तेवढी दिसतात आणि त्यांचा दर्प, म्हणजे कित्येक शतकांच्या बंद कोठाराचा आणि ओल्या राखेचा मिळून होईल तसा वास, वरच्या उजेडात आल्यावरही बराच वेळ नाकात मुक्काम ठोकून राहतो.

सामानाविषयी मात्र विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण या बाबतीतील हयगय एका राजास भोवलेली आहे. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, त्या वेळी फौजेचा मोठा भाग बाहेर होता आणि रामदेवराव यादवास घाईघाईने गडावर आश्रय घ्यावा लागला. शिध्याची बेगमी नव्हती. तेव्हा जवळच व्यापाऱ्यांच्या गोणी सापडल्या, त्या धान्याच्या समजून वर चढविण्यात आल्या, आणि फिरिश्ता या इतिहासकाराच्या बखरीत जी हकीकत आहे तिच्याप्रमाणे, वेढा पडल्यावर गोणी सोडून पाहतात तो आत मीठ! सृष्टीतील सर्वोत्तम कडा, अजिंक्य खंदक, धुराने भरलेला बोगदा, एवढा जामानिमा असताना एका उघडून न पाहिलेल्या गोणीपायी राजास तहास बसावे लागले. तेव्हा निघण्यापूर्वी प्रत्येक पिशवीत हात घालून पाहावे. निदान दशम्यांचा डबा म्हणून लोणच्याची बरणी तर उचलली नाही ना, एवढी खातरजमा करावी.

निवासाचे वर्ग अनेक आहेत. सर्वोत्कृष्ट म्हणजे माथ्यालगतची बारादरी. शहाजहान बादशहा 1636 साली येथे आला, त्याच्यासाठी ही बांधल्याचे सांगतात. तिच्या कमानीत उभे राहिले असता वैशाखातही असा वारा लागतो की टोपी हाताने धरावी लागते. दीर्घ मुदतीच्या पाहुण्यांसाठी खाली चिनी महाल आहे, निळ्या चिनी मातीच्या फरशांवरून हे नाव पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा यास औरंगजेबाने 1687 नंतर येथे आणून ठेविले. तो सुमारे बारा वर्षे राहिला आणि येथेच वारला. पाहुण्याने कसे वागावे याचा वस्तुपाठ हवा असेल तर याचाच घ्यावा. मोगल सरदार त्यास कैद करावयास महालात शिरले, तेव्हा त्याने त्यांच्याशी सभ्यपणे बातचीत केली, आणि जेवणाची वेळ होताच खाना मागवून तो शांतपणे जेवला, असे मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. एवढ्या धीराचा मनुष्य खोलीत गरम पाणी उशिरा आले म्हणून तक्रार करता ना.

तिसरा वर्ग आम्ही कोणास सुचविणार नाही. इब्न बतूता नावाच्या मोरोक्कोच्या प्रवाशाने चौदाव्या शतकात येथील तुरुंगाचे वर्णन केले असून, तेथील उंदीर मांजरांहून मोठे व मांजरेच त्यांस भितात, असे नोंदविले आहे. त्याच प्रवाशाने दिल्ली ते दौलताबाद हा 40 दिवसांचा रस्ता दुतर्फा झाडांनी सजलेला होता, असेही लिहिले आहे. महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीकरांस इकडे आणण्याचा जो घाट घातला, त्याहून मोठी सामुदायिक सहल आमच्या ऐकिवात नाही, मात्र तीत नाव नोंदवावे किंवा कसे, याचा विकल्प प्रवाशास नव्हता.

माकडांची उणीव भासणार नाही. गेल्या खेपेस आम्ही वाटेत घेतलेले पेरू कागदी पिशवीतून काढीत असता एक काळतोंडे वानर तटावरून उतरले, घाई न करता जवळ आले, पिशवीचे तोंड दोन बोटांनी उघडून त्याने आत पाहिले, आणि कच्चे दोन आमच्याकडे ठेवून पिकलेले तेवढे घेऊन गेले. रामदेवरावांच्या पदरी असा एक कारभारी असता तर!

राहता राहिला हिशेब. शेजाऱ्यांच्या बिलात म्हणे समुद्राकडील खिडकीचे वेगळे, पाण्याच्या बाटलीचे वेगळे आणि सेवेवर पुन्हा सेवेचा कर, अशी कलमे होती आणि शेजारी अद्याप तो कागद घडी करून खिशात बाळगतात. आम्ही त्यांस मुद्दाम गडावर नेले. माथ्याजवळ जनार्दनस्वामींच्या पादुका आहेत. स्वामी येथले किल्लेदार, आणि त्यांचे शिष्य एकनाथ यांनी हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागून काढली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही कथा याच गडावरची. ती ऐकून शेजाऱ्यांनी खिशातून बिल काढले, चष्मा लावला आणि पायरीवर बसून ते बेरीज तपासू लागले.

बेरीज अर्ध्यावर आली असता खालच्या बुरुजावरून शिट्टी ऐकू आली. गडावर रात्री राहण्यास परवानगी नाही, ही गोष्ट सांगावयाची राहूनच गेली. “चला साहेब, टाइम झाला,” म्हणत पहारेकरी वर आला आणि शेजाऱ्यांनी कितव्या ओळीवर होतो ते विसरू नये म्हणून कागदावर अंगठा तसाच दाबून धरला व अंधारीच्या दिशेने उतरावयास प्रारंभ केला.