नेसरी ते नाक्सोस, मार्गे पारोस

संध्याकाळची मुक्कामाची गाडी नेसरी स्टँडात शिरली की अण्णा मनगट वर करून घड्याळ बघतात. गाडी वेळेवर असली तर काही बोलत नाहीत. उशीर झाला असला तर चहाचा कप खाली ठेवतात आणि एवढंच म्हणतात, "एवढ्यात पारोस मागं पडलं असतं."

नवख्या माणसाला वाटतं, पारोस हे चंदगडकडचं एखादं गाव असावं. अडकूर, कानूर, कोवाड, पारोस. बसतंयही त्या ओळीत. मग कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगतं की पारोस ग्रीसमध्ये आहे, समुद्रात आहे, अण्णा तिथून जाऊन आलेत आणि आता तू काही विचारू नकोस. पण तोवर अण्णांनी खुर्ची सरकवून जवळ घेतलेली असते.

अण्णांनी ३१ वर्षं एस.टी.त कंडक्टरी केली. गडहिंग्लज, आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, अधूनमधून मुंबईची रातराणी. या नोकरीनं त्यांना एक गुडघेदुखी दिली आणि एक स्वभाव दिला. गुडघेदुखीवर औषध चालू आहे. स्वभाव असा की माणसाला कशाचं आश्चर्य वाटणं हा त्यांना कमीपणा वाटतो. तुम्ही काहीही दाखवा, ते त्यांनी कुठल्यातरी टप्प्यावर आधीच बघितलेलं असतं. ताजमहाल पाहिला तेव्हा म्हणाले होते, "फरशी चांगली हाय." हीच त्यांची सर्वोच्च दाद. त्यानंतर ती त्यांनी कुणाला दिली नव्हती.

थोरला मुलगा जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला असतो. मागं एका ऑक्टोबरात त्यानं आईवडिलांना, म्हणजे अण्णांना आणि काकींना, नेलं आणि आठवडाभर ग्रीस दाखवायचं ठरवलं. सगळे जातात त्या सांतोरिनीला त्यानं नेलं नाही. कारण अण्णा गर्दीत उभे राहिले की आपोआप म्हणायला लागतात, "फुडं सरका, मधी जागा हाय." मुलाला हे लहानपणापासून माहीत आहे. म्हणून त्यानं हंगाम संपलेलं, शांत नाक्सोस निवडलं. गावात आल्यावर या नावाचं आपल्या लोकांनी काय केलं असेल ते सांगायला नको. "अण्णांना नाकाचा सोस" इथपासून सुरुवात झाली.

पिरियस बंदरातून बोट निघते, पारोसला थांबते आणि पाच-साडेपाच तासांत नाक्सोसला पोचते. बोटीत चढताना मुलानं मोबाइल पुढं केला, यंत्र टुणकन वाजलं, आत सोडलं. अण्णा तिथंच थबकले. तिकिटाला ना भोक, ना फाडणं, आणि माणूस आत! काकींनी पाठीमागून ढकललं तेव्हा ते हलले. बसल्या जागेवरनं त्यांनी नजरेनं माणसं मोजली. वरचा मजला, खालचा मजला, एक चक्कर डेकवर. येऊन बसले आणि मुलाला म्हणाले, "भारमान तीस टक्के बी न्हाई. डिझेल सुटत नसणार रे ह्यांचं." पुढचा तासभर त्यांना एजियन समुद्राच्या निळेपणापेक्षा या मार्गाच्या तोट्याची काळजी होती.

पारोस आलं तशी बोटीची पाठ उघडली. लोखंडी दार धक्क्यावर आपटलं, गाड्या उतरल्या, गाड्या चढल्या, माणसं चालत उतरली, चढली आणि पाच-सात मिनिटांत बोट सुटली. अण्णा कठड्याला धरून बघत राहिले. खरं सांगायचं तर हा त्यांच्या आयुष्यातला फार मोठा क्षण होता. एखाद्या मोठ्या स्टँडात एवढ्या वेळात गाडी फलाटाला नीट लागत नाही, आणि इथं एक अख्खं गाव उतरून दुसरं चढलं होतं. पण आश्चर्य दाखवायचं नाही हे व्रत. ते एवढंच म्हणाले, "बेल कोन देतंय, दिसलं न्हाई."

या बेलेचा पुढं फार विस्तार झाला. नाक्सोस म्हटलं की अरियाड्नीची गोष्ट येतेच. क्रीटची राजकन्या. थीसियसला भुलभुलैयातून बाहेर पडायला तिनं दोरा दिला, त्याच्याबरोबर पळून निघाली, वाटेत या बेटावर झोप लागली, आणि हा गडी तिला किनाऱ्यावर झोपलेली तशीच सोडून जहाज घेऊन निघून गेला. ग्रीक लोक या दगाबाजीवर अडीच हजार वर्षं बोलताहेत. मुलानं रंगवून गोष्ट सांगितली. काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी शांतपणे विचारलं, "पॅसेंजर मोजल्याबिगर डबल बेल दिलीच कशी?"

बंदराला लागूनच एक टेकाड आहे आणि त्यावर नुसतंच एक संगमरवरी दार उभं आहे. पुरुषभर नव्हे, चांगलं तीन पुरुष उंच. पोर्तारा म्हणतात. इसवी सनापूर्वी ५३०च्या सुमाराला लिग्डॅमिस नावाच्या तिथल्या सत्ताधीशानं अपोलोचं प्रचंड देऊळ काढलं. दाराची चौकट उभी राहिली, आणि त्याची सत्ता गेली. देऊळ राहिलं ते राहिलंच. सूर्यास्ताला जोडपी त्या चौकटीत उभी राहून फोटो काढतात. अण्णांनी सगळा इतिहास ऐकून घेतला आणि मान हलवली. "म्हंजे सरकार पडलं. आमच्या वाडीच्या समाजमंदिराचं बी तसंच झालंय. चौकटीपतोर आलं आन् निधी ऱ्हायला." मी हे ऐकलं तेव्हा हसलो. नंतर त्या समाजमंदिरावरनं गेलो तेव्हा संध्याकाळ होती, आणि चौकटीतनं ऊन येत होतं.

देवळाचे पडलेले दगड पुढं व्हेनिसच्या लोकांनी गावातली गढी बांधायला नेले. दार तेवढं हललं नाही. या गढीला तिथं कास्त्रो म्हणतात. १२०७ मध्ये मार्को सानुदो नावाच्या व्हेनिसच्या सरदारानं बेट घेतलं आणि स्वतःला ड्यूक म्हणवून घेतलं. हा तिकडच्या दोजचा, म्हणजे व्हेनिसच्या निवडून आलेल्या तहहयात प्रमुखाचा, भाचा म्हणतात. अण्णांना यात शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. "मामा वर बसलेला असला की भाच्याला चांगला रूट मिळतोयच." १५६६ मध्ये तुर्कांनी शेवटच्या ड्यूकला हटवलं. तरी गल्ल्या तशाच आहेत. डोक्यावर कमानी, दारांवर घराण्यांची संगमरवरी चिन्हं, घरांच्या पाठभिंती मिळूनच गढीचा तट झालेला. दुपारी सगळं बंद. मांजरं आणि आमची तीन माणसं.

गढीच्या उत्तरेच्या दरवाजात संगमरवरी खांबावर एक उभी खाच आहे. व्यापारी कापड घेऊन यायचे, ते मापायला व्हेनिसचा गज तिथं दगडातच कोरून ठेवला होता. काकी तिथं थांबल्या. पदराचा काठ सोडवून त्यांनी तो खाचेला लावून बघितला, मग आपला हात कोपरापासून लावून बघितला, आणि अण्णांकडं वळून म्हणाल्या, "आपल्या बाजारात असलं एक कोरून घ्या की. मागच्या दिवाळीत चोळीखण बोटभर कमी भरला." सगळ्या सहलीत तिथल्या कारभाराला मिळालेली ही एकमेव बिनशर्त शाबासकी.

जेवणाचं फार सांगत नाही. काकींच्या पिशवीत संकेश्वरी मिरचीची चटणी होती, एवढं पुरे. नाक्सोसचा बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे. अण्णांनी तो खाल्ला, दोन वेळा मागवला आणि "बेळगावी हाय" म्हणाले. जेवणानंतर खानावळवाल्यानं छोट्या पेल्यांतून हिरवट काहीतरी आणून ठेवलं, फुकट. कित्रो. मुलानं मोबाइलवर फळाचं चित्र काढून दाखवलं, या झाडाच्या पानांपासून करतात म्हणून. काकींनी चित्र बघितलं आणि हात जोडले. "अवो, हे म्हाळुंग! अंबाबाईच्या हातातलं!" आणि खरंच आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात जे फळ आहे ते म्हाळुंग, आणि नाक्सोसची ही दारू म्हाळुंगाच्या पानांची. अण्णा माळकरी नाहीत, पण काकींसमोर ३८ वर्षं त्यांनी थेंब घेतला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पेला उजव्या तळहातावर घेतला, डोळे मिटले, आणि तीर्थ घ्यावं तसा घेतला. मग काकींचाही घेतला. देवीचं टाकायचं नसतं.

त्यानंतर त्यांना प्रतापराव आठवले. हे होणारच होतं. नेसरीच्या माणसाला पोटात काही गेलं की प्रतापराव आठवतात, न गेलं तरी आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४. उंबराणीला विजापूरचा बहलोलखान हातात सापडला असताना सरनोबत प्रतापरावांनी सोडून दिला, शिवाजी महाराजांचा शब्द लागला, आणि नेसरीच्या खिंडीत खान समोर दिसल्यावर सहा स्वार घेऊन हा माणूस सगळ्या फौजेवर चालून गेला. कुसुमाग्रजांच्या कवितेनं हे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी केलं, पण आमच्याकडं ते घरचं दुःख आहे. अण्णा ते सांगायला लागले, मुलगा इंग्रजीत करायला लागला, खानावळवाला ऐकायला लागला. ऐकता ऐकता त्याचे डोळे चमकले. त्यानं छातीवर हात मारला. "थर्मोपिली! लिओनिदास! तीनशे!"

अण्णांनी उजव्या हाताची पाच आणि डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

"तीनशे म्हंजे सहा गाड्या भरून," ते मुलाला म्हणाले. "सांग त्याला. आमचे सात."

मुलानं सहा गाड्यांचं भाषांतर केलं नाही. सात तेवढं सांगितलं. (थर्मोपिलीच्या खिंडीत इराणी फौजेसमोर लिओनिदासच्या तीनशेंबरोबर थेस्पियाचे सातशे लोकही शेवटपर्यंत उभे राहिले, असं हेरोडोटस सांगतो. हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. एक हजार म्हणजे वीस गाड्या होतात, आणि मग रात्र झाली तरी ते उठायचे नाहीत.) खानावळवाला क्षणभर त्या सात बोटांकडं बघत राहिला. मग आत जाऊन त्यानं आणखी एक पेला आणला, अण्णांसमोर ठेवला, आणि काही न बोलता उभा राहिला. अण्णाही उभे राहिले. हा भाग सांगताना ते स्टँडवर अजूनही उभे राहतात.

पण काकी ज्याच्यावर बोलतात ते वेगळंच आहे, आणि ते अण्णा सांगत नाहीत.

परतीच्या आदल्या दिवशी गढीखालच्या गल्लीत एका छोट्या दुकानाच्या काचेत गळ्यातलं टांगलेलं होतं. साखळी, खाली सोन्याच्या पाण्याचं गोल नाणं. काकींनी काचेला नाक लावलं. नाण्यावर एक उभा माणूस, समोर गुडघे टेकलेला दुसरा, दोघांच्या मधे एक उभी काठी, वर निशाण. काकी म्हणाल्या, "ही माझ्या माळेतली पुतळी हाय."

काकींकडं सासूची पुतळ्यांची माळ आहे, अठरा पुतळ्यांची. लग्नकार्याला बाहेर निघते. सासूबाईंनी नव्या सुनेला ती गळ्यात घालताना सांगितलं होतं: उभा तो राम, गुडघ्यावर बसलाय तो मारुती, मधे रामाचं निशाण, आणि मागल्या बाजूला लांबट गोलात चांदण्यांमधे उभा आहे तो बाळकृष्ण, पाळण्यातला. तीन पिढ्या तसंच चाललं होतं.

दुकानातली म्हातारी हसली, काचेवर बोट ठेवून म्हणाली, "सान मार्को. दोज."

"मारुती," काकी म्हणाल्या.

"दोज."

"मारुती."

मुलानं रात्री खोलीवर सगळं उलगडून सांगितलं. व्हेनिसनं १२८४ मध्ये हे सोन्याचं नाणं काढलं आणि १७९७ मध्ये नेपोलियननं त्यांचं राज्य बुडवेपर्यंत त्यावरचं चित्र जवळजवळ बदललं नाही. उभा आहे तो त्यांचा संत मार्क, गुडघ्यावर त्या त्या वेळचा दोज, मागं चांदण्यांत येशू. साडेतीन ग्रॅम, अगदी चोख. मिरी-मसाल्याची किंमत म्हणून ते सोनं अरबांच्या हातून आपल्या बंदरांत उतरायचं. कस उत्तम, म्हणून सोनारांचा विश्वास बसला. वर बाहुल्या दिसतात म्हणून नाव पडलं पुतळी. मग आपल्याच सोनारांनी तसे ठसे करून नव्या पाडल्या. म्हणजे आईच्या माळेत एखाददुसरी अस्सल असली तर मार्को सानुदोच्या मामाच्या गादीवरचाच कुणीतरी गुडघे टेकून आमच्या गल्लीतल्या लग्नांना हजर राहिलाय.

त्या रात्री अण्णांनी काहीही "आमच्याकडं हाय" म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते खरंच त्यांच्याकडं होतं.

गेल्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो तेव्हा माळ देव्हाऱ्यापुढं पाटावर होती. काकींनी एक पुतळी बोटांवर घेऊन मला जवळून दाखवली. काठ झिजलेले, दोजचं तोंड साफ पुसलेलं, नुसता वाकलेला पाठीचा कणा आणि दोन्ही हातांत धरलेली काठी. त्या कण्यावर शेंदराचा ताजा ठिपका होता.

मी म्हटलं, "काकी, हा तर व्हेनिसचा राजा."

"आसंल की," त्या म्हणाल्या. "समुद्राच्या पल्याडची माणसं, पाचशे वर्षं मारुतीचं नाणं काढत्यात. नाव चुकलं म्हणून भक्ती खोटी हुतीया व्हय?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी वाद घातला नाही. माळ हातात घेऊन अंगठ्यानं एकेक पुतळी पुढं सरकवत मोजली, अठरा भरल्या, डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि झाकणावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.